कूलर काळी एकात होता : नागपुरातल्या एका नॉइज-रॉक बँडच्या रेकॉर्डिंगचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या स्टुडिओतलं आहे आणि यातल्या सुरुवातीच्या बहुतेक चुका माझ्याच आहेत. बँडचं आणि पोरांचं नाव घेत नाही. लिहायची परवानगी त्यांनी दिली, अट एकच घातली : कूलर गाळायचा नाही.

पार्श्वभूमी

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर ही चौघं सराव करायची. बेस वाजवणारी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. ड्रमर आधी ढोल-ताशा पथकात होता. गिटारवाला दिवसभर वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. चौथा गायक, पण तो गातो असं म्हणायला जरा धाडस लागतं. बहुतेक वेळ तो मराठीत पुटपुटतो आणि गाण्यात एखाद्या वेळी असा ओरडतो की आपण मान फिरवून दाराकडे बघतो.

नॉइज-रॉक म्हणजे नुसता गोंगाट नव्हे. अ‍ॅम्पची शिट्टी, तारांची घरघर, फाटलेला आवाज अशा ज्या गोष्टी इतर लोक रेकॉर्डिंगमधून काढून टाकतात, त्याच इथे कच्चा माल असतात. शिकागोच्या बिग ब्लॅककडे ड्रमर नव्हता, ड्रम मशीन होतं, आणि वादकांच्या यादीत ते 'रोलँड' या नावाने, म्हणजे कंपनीच्याच नावाने, सभासदासारखं छापलं जायचं. त्यांचं संगीत धारदार आणि वेगवान. दुसरी धाटणी संथ आणि जड. १९८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या स्वान्सच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स त्या धाटणीच्या. एकच ठोका, पुन्हा तोच ठोका, आणि मधली जागा इतकी लांब की ऐकणाऱ्याला अस्वस्थ व्हायला पुरेसा वेळ मिळतो. आपली ही पोरं दुसऱ्या धाटणीतली.

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते मे महिन्याच्या शेवटी, नवतपात. संध्याकाळचे सात वाजले तरी गल्लीत झळा होत्या. सरावाची खोली लांबट, रुंदीला जेमतेम साडेआठ फूट, भिंती जाड मातीच्या, वर सागाचे पाट. खिडकीत लोखंडी पत्र्याचा कूलर, वाळ्याच्या ताट्या लावलेला. त्याने खोली जितकी गार केली होती तितकीच दमटही.

गिटारवाल्याने खालच्या तारेवर एक सूर मारला आणि हात काढून घेतला. पुढचा सूर आता येईल असं वाटलं तिथे आला नाही. आणखी थोडं थांबलो, तरी नाही. पहिला सूर मात्र मरत नव्हता. तो खाली खाली जात होता आणि जाता जाता डोलायला लागला होता, तीनेक सेकंदांना एक लाट, अशी. माझ्या हातातल्या स्टीलच्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं. मग ड्रमरने एकच ठोका दिला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पावसाआधी मळभ येतं, वारा पडतो, जीव कासावीस होतो पण पाऊस काही येत नाही, तसा तो आवाज होता.

मी तिथेच म्हणालो, हे रेकॉर्ड करू.

अडचण

परीक्षा, कोणाचं लग्न, कोणाला पैशाची अडचण, असं करत रेकॉर्डिंग ऑगस्टवर गेलं. पोळ्याच्या आधीचा आठवडा होता. माझ्या स्टुडिओत चार दिवस काम केलं आणि पाच गाणी झाली. सगळे ट्रॅक एकत्र जुळवून केलेला पहिला मिक्स ऐकवायला बोलावलं. पोरं शेवटपर्यंत गप्प बसली. मग गिटारवाला म्हणाला, "दादा, सगळं साफ आहे. एक एक गोष्ट ऐकू येऊन राहिली. पण वजन कुठं गेलं?"

ड्रमर त्याच्यापेक्षा सरळ. "काऊन पातळ वाटून राहिलं हे? पत्र्याच्या डब्यात गोटे टाकल्यावाणी."

मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. एकाच गिटारचे पुन्हा पुन्हा वाजवलेले चार-चार थर होते, बेस जागेवर होता, मीटरवर आवाज चांगला मोठा दिसत होता. तरी खोलीत ऐकलेलं ते मळभ कुठेच नव्हतं. राहिला होता नुसता चांगल्या वाजवणाऱ्या पोरांचा चिडका आवाज.

मी आवाज वाढवला. मग बेस वाढवला. मग गिटारचा आणखी एक थर घालून बघितला. प्रत्येक वेळी ते आणखी गच्च झालं आणि आणखी हलकं वाटलं. हे वाचायला उलटं वाटेल, पण जडपणाला जागा लागते. चार गिटार एकाच वेळी एकच सूर मारतात तेव्हा चौघांची सुरुवात किंचित मागेपुढे होते, घावाची धार जाते, आणि सूर विरताना जे ऐकू यायला हवं ते दुसऱ्या थराखाली झाकलं जातं.

तपास

पहिली चूक दोन दिवसांत सापडली आणि ती सांगायला लाज वाटते. गिटारच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या, खालचं कापून टाकायची मला वर्षानुवर्षांची सवय. नेहमीच्या जुळणीत गिटारची सगळ्यात खालची तार ८२.४ हर्ट्झवर असते, त्यामुळे त्याखाली नुसती घाण असते असं धरून आपण कापतो. या पोरांनी तारा दीड सूर खाली उतरवल्या होत्या. त्यांची खालची तार ६९.३ वर. म्हणजे त्यांचा मूळ सूरच मी कात्रीच्या पलीकडे टाकला होता आणि वर उरलेल्या पट्ट्यांवर मिक्स करत बसलो होतो. ऐकताना हे लगेच कळत नाही, कारण मूळ सूर काढून घेतला तरी वरच्या स्वरांवरून कान तो मनातल्या मनात भरून घेतो. सूर ओळखू येतो, पण त्याचं ओझं जाणवत नाही.

दुसरी चूक खोलीची. माझी रेकॉर्डिंगची खोली १४ बाय ११ फूट, भिंतींना दोन इंची फोम. असला फोम वरचे आवाज खातो, खालच्यांना हात लावत नाही. त्यात ड्रम मी बरोबर मधोमध मांडले होते, कारण तिथे केबल नीट पोहोचतात. खोलीच्या लांबी-रुंदीमुळे जे खालचे सूर घुमतात, ते भिंतीपाशी सगळ्यात जोरात आणि मधोमध सगळ्यात क्षीण असतात. ११ फुटांच्या खोलीत हा खड्डा ५१ हर्ट्झच्या आसपास पडतो, १४ फुटांसाठी ४० च्या आसपास. बेस ड्रमचा दणका नेमका याच भागात असतो.

तिसरी चूक क्लिकची. प्रत्येकाला स्वतंत्र रेकॉर्ड करायचं म्हणून हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे मिनिटाला ५८ च्या गतीचा यंत्राचा ठोका, दिला होता. नंतर मे महिन्यातल्या सरावाच्या मोबाइल क्लिप काढून मोजलं तर तेच गाणं ६० ला सुरू होऊन ओरडण्याच्या जागी ५४ पर्यंत बसत होतं. कोणी ठरवून केलेलं नव्हतं. चौघं एकमेकांकडे बघत थांबायची, आणि त्या थांबण्यातच खरा घाव होता. ढोल पथकात वाढलेल्या पोराला यंत्राच्या टिकटिकीवर बसवणं ही माझीच कल्पना. त्याने दोनदा कुरकूर केली होती, मी ऐकलं नव्हतं.

या तिन्ही दुरुस्त्या जमतील तेवढ्या केल्या. फरक पडला. पण अर्धाच.

आता कूलर. सप्टेंबरच्या सुरुवातीला गिटारवाला दुकानातून सुटून आला आणि चहा घेता घेता म्हणाला, "दादा, गुरुजी म्हणतात कूलर नाही म्हणून असं होऊन राहिलं."

गुरुजी म्हणजे वाड्याच्या वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त संगीत शिक्षक. पोरांच्या सरावाला त्यांची कधी हरकत नव्हती. उकाड्यात ते गॅलरीत खाट टाकून पडायचे आणि खालून काय चाललंय ते ऐकायचे. त्यांचं म्हणणं होतं, तुम्ही मार्चपासून मृग लागेपर्यंत कूलर चालू ठेवून गाणी बसवली, कूलर काळी एकात, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, वाजतो, तोच तुमचा तानपुरा, आणि तोच तुम्ही स्टुडिओत नेला नाही.

मी हसलो. या प्रकरणातला सगळ्यात महागडा क्षण हाच. तीन आठवडे मी आवाज बदलायची नवीन सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन, लावत बसलो, एका मित्राकडून जुना प्रीअ‍ॅम्प आणला, गिटार दुसऱ्या अ‍ॅम्पमधून फिरवून घेतले. गुरुजींना भेटायला गेलो तो सप्टेंबरच्या शेवटी, तेही बेसवालीने तिच्या लॅपटॉपवर क्लिपचा आलेख काढून समोर ठेवला तेव्हा. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत एक काटा ६९ वर उभा होता. त्याचेच दुप्पट-तिप्पट १३८ वर आणि २०७ वर.

गुरुजींनी पेटी पुढे ओढली, भाता मारला आणि सगळ्यात खालच्या सप्तकातली काळी एक दाबून धरली. म्हणाले, "याच्याही खालचा, खर्जातला. मेच्या दुपारी थोडा उतरायचा. रात्री लोकांचे कूलर बंद झाले की चढायचा."

नंतर गणित केलं. कूलरच्या पंख्याला तीन पाती. मोटार मिनिटाला १३८० फेरे घेत असेल तर सेकंदाला २३ फेरे, आणि प्रत्येक फेरीत तीन पाती हवा कापतात. २३ त्रिक ६९. उन्हाळ्यात सगळ्या गल्लीचे कूलर चालू असताना व्होल्टेज पडतं, मोटार किंचित मंदावते, सूर उतरतो. गुरुजींनी कानाने सांगितलं तेच. गिटारची तार ६९.३, कूलर ६९. दोन इतके जवळचे सूर एकत्र वाजले की तिसरीच गोष्ट जन्माला येते, संथ डोलणारी लाट. ०.३ हर्ट्झचा फरक, म्हणजे तीन-साडेतीन सेकंदांना एक. मी पहिल्या दिवशी ऐकलेली लाट तीच.

पोरांनी गिटार मुद्दाम कूलरला लावलं होतं का? नाही. ट्यूनर हरवला होता. एके दिवशी तार ढिली करत करत "इथं बरं वाटते" तिथे थांबले, एवढंच त्यांना आठवतं. आपल्याकडे मैफलीआधी तानपुरे जुळवतात तेव्हाही दुसरं काय असतं?

आणि हे काही नागपूरचं नवल नाही. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये संगीतकार ला मॉन्टे यंग यांच्याबरोबर तासन्‌तास एकच सूर धरून वाजवणारी मंडळी अमेरिकेतल्या ६० हर्ट्झ विजेच्या गुणगुणीला आपली वाद्यं जुळवायची. त्यातले जॉन केल पुढे व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडमध्ये गेले, आणि नॉइज-रॉकची वंशावळ काढायला बसलं की त्या बँडपाशी यावंच लागतं. यंग पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. गुरुजींना हे सांगितलं तर त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र इथे नीट सांगायला हवी, नाहीतर लोक आपापल्या गाण्यांत कूलर घालत सुटतील. बँड जोरात वाजत असताना कूलर ऐकूच येत नाही. नंतर खोलीत मोजलं तर बँड १०८ डेसिबलच्या आसपास होता आणि कूलर ६८. एवढ्या फरकात कूलरचा पत्ता लागत नाही. त्याचं काम सुरू होतं ते सूर विरताना. गिटारचा आवाज उतरत उतरत कूलरच्या पातळीला येतो, लाट उठते, आणि सूर शांततेत न संपता कूलरमध्ये बुडतो. स्टुडिओत तोच सूर फोममध्ये जाऊन संपला, आणि पोरांनी नकळत पुढचा ठोका लवकर दिला, कारण वाट बघायला काही उरलंच नव्हतं.

समोर असलेले पर्याय

ऑक्टोबरमध्ये सगळे बसलो.

एक, आहे तेच रेकॉर्डिंग ठेवायचं, खालचा कापलेला भाग परत आणायचा, थर कमी करायचे. सगळ्यात स्वस्त. पण क्लिकवर वाजवलेली गती बदलता येत नाही.

दोन, पुण्या-मुंबईच्या मोठ्या स्टुडिओत जायचं. गायकाला हे हवं होतं. मी विरोध केला, आणि त्यात माझा अहंकार किती आणि विचार किती ते आजही सांगता येणार नाही. माझं म्हणणं होतं की तिथल्या खोल्या माझ्यापेक्षा चांगल्या असतील, पण अडचण चांगल्या खोलीची नाहीच.

तीन, कूलरचा आवाज वेगळा घेऊन मिक्समध्ये खाली पसरायचा. मला हाच पर्याय आवडला होता. करून बघितला. भिंतीवर कूलरचं चित्र टांगल्यासारखं वाटलं. लाट उठायची खरी, पण वादकांनी ती ऐकून वाजवलेलं नव्हतं, त्यामुळे लाट एकीकडे आणि ठोका दुसरीकडे.

चार, सरावाच्याच खोलीत, कूलर चालू ठेवून, चौघांनी एकत्र वाजवायचं.

चौथ्याला ड्रमरचा कडवा विरोध. "लोक हसतील बे. कूलरवाला बँड म्हणतील." त्याची दुसरी हरकत जास्त वजनाची होती : खोलीत सगळ्यांचा आवाज सगळ्यांच्या माइकमध्ये शिरणार, कोणाची एक चूक झाली तर सगळ्यांनाच पुन्हा वाजवावं लागणार. खरंच होतं ते. शिकागोच्या स्टीव्ह अल्बिनींनी आयुष्यभर असंच रेकॉर्डिंग केलं, बँडला एकत्र वाजवू द्यायचं आणि लांबच्या माइकमध्ये खोली पकडायची. स्वतःला ते निर्माता म्हणवून घ्यायचे नाहीत, 'रेकॉर्ड केलं' एवढंच श्रेय घ्यायचे. मे २०२४ मध्ये ६१ व्या वर्षी ते गेले. बिग ब्लॅक त्यांचाच बँड. त्यांच्या स्टुडिओच्या भिंतींना मातीच्या कच्च्या विटा वापरल्या आहेत. हे मी ड्रमरला सांगितलं तेव्हा तो खोलीची भिंत नखाने खरवडून बघत म्हणाला, "मग काय, आपली फुकटची आहे."

तिथे निर्णय झाला.

काय केलं

तारीख डिसेंबरची मिळाली, आणि इथे एक गंमत झाली. ताट्या काढून, पाणी न घालता कूलर सुरू केला तर सूर जुळेना. डिसेंबरात गल्लीत एकही कूलर नाही, व्होल्टेज भरपूर, मोटार जोरात. मोजलं तर ७१ च्या वर. तारेपेक्षा जवळजवळ पाव सूर चढा. लाट गेली आणि तिच्या जागी सेकंदाला दोनदा होणारी भुणभुण आली, डास कानाशी आल्यासारखी.

खोलीही बदलली होती. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. साडेआठ फुटांची ती रुंदी मेमध्ये, आत ३५ अंश असताना, ६८ हर्ट्झच्या जवळ घुमते. डिसेंबरात २० अंशांवर ६६ च्या जवळ. खोलीची मे महिन्यात पोरांच्या तारेशी जितकी मैत्री होती तितकी डिसेंबरात राहिली नव्हती.

गिटारवाला म्हणाला, तार चढवून घेऊ. बेसवाली म्हणाली नाही. तार दीड सूर उतरवली की तिचा ताण तीसेक टक्क्यांनी कमी होतो, तार लुळी पडते, आणि मारल्यावर सूर आधी किंचित वर उडून मग खाली बसतो. तो बसण्याचा क्षण त्यांच्या आवाजाचा भाग होता. चढवली तर तोही हातचा जाईल. मला तिचं पटलं. मोटारच खाली आणायची ठरली.

साध्या रेग्युलेटरने पंखा टप्प्याटप्प्याने कमी होतो, आम्हाला बारीक फरक हवा होता. गांधीबागेकडच्या एका मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून व्हेरिअ‍ॅक दोन दिवसांसाठी आणला. गोल चकती फिरवली की व्होल्टेज हळूहळू उतरतं. गुरुजी खुर्ची टाकून बसले, बेसवाली सूर धरून, आणि मी चकतीवर. "अजून... अजून... थांब." लॅपटॉपवर ६९.० होते. मिस्त्री जाताना बजावून गेला होता की कमी व्होल्टेजवर जास्त वेळ ठेवू नका, मोटार तापते. हे वाक्य लक्षात ठेवा.

शेजाऱ्यांचा प्रश्न सोपा नव्हता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. ड्रम सेटपुढे या आकड्यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. मातीच्या जाड भिंतींनी बरंच अडवलं, खिडकीत गाद्या लावल्या, रेकॉर्डिंग दुपारी बारा ते चार एवढंच ठेवलं, आणि समोरच्या दोन घरांत आदल्या दिवशी संत्र्यांची टोपली घेऊन जाऊन आलो. तक्रार आली नाही. एका घरातल्या आजींनी फक्त विचारलं, बाळा, थंडीत कूलर कशाला लावला?

माइक थोडेच लावले. ड्रमला चार, गिटार आणि बेसच्या अ‍ॅम्पला एकेक, गायकाला एक, आणि दोन लांबचे. लांबच्यांपैकी एक खोलीच्या कोपऱ्यात, जिथे खालचे सूर साचतात. दुसरा बाहेर देवडीत, दगडी फरशीपासून वीतभर उंचीवर. देवडीतला माइक मी नुसता करून बघावा म्हणून लावला होता. शेवटच्या मिक्समध्ये सगळ्यात जास्त उघडलेला तोच. तिथे गिटारची धार पोहोचायची नाही, नुसती घरघर यायची, दूरवर मालगाडी पुलावरून जातेय तशी.

क्लिक नाही. थर नाहीत. चार गाणी दोन-दोन, तीन-तीन वेळा वाजवली. पाचवं गाणं पाच वेळा वाजवलं आणि सोडून दिलं. पहिल्यांदा शेजारची बोअरवेलची मोटार सुरू झाली आणि व्होल्टेज हललं, गाण्याच्या मध्ये लाट एकदम रुंदावली. मग भीतीनेच नीट वाजेना.

कूलर मिक्समध्ये किती ठेवायचा यावर दोन संध्याकाळी भांडण झालं. तो वेगळा ट्रॅकवर नव्हताच, सगळ्या माइकमध्ये मुरलेला होता. त्यामुळे प्रश्न एवढाच होता की साफ करायचा की नाही. मी किंचित साफ केलेला एक मिक्स करून दाखवला. ज्याला हसू होईल अशी भीती होती तो ड्रमरच म्हणाला, "नको. उघडा पडून राहिलो आपण." आहे तसा ठेवला.

मास्टरिंगला, म्हणजे मिक्सवरून फिरणाऱ्या शेवटच्या हाताला, मी यावेळी हात आखडता घेतला. ऑगस्टमध्ये आवाज इतका दाबला होता की हळू आणि जोरात यांतला फरकच मेला होता. ऐकण्याची अ‍ॅप तशीही जास्त मोठी गाणी आपोआप खाली आणतात, स्पॉटिफायची नेहमीची पातळी −१४ लफ्सची (लफ्स म्हणजे गाणं कानाला किती मोठं वाटतं ते मोजायचं एकक) आहे. मग कोणासाठी दाबायचं?

निकाल

चार गाणी फेब्रुवारीत आली. चौघांना आणि मला ती आपली वाटतात, हा माझ्या दृष्टीने मुख्य निकाल. बाहेरच्यांचं मत दुभंगलं. हेडफोनवर किंवा मोठ्या स्पीकरवर ऐकणारे म्हणाले, छातीवर कोणीतरी बसलंय. मोबाइलवर ऐकणाऱ्या बऱ्याच जणांनी कळवलं की मागे पंख्याचा आवाज राहिलाय, काढायचा विसरलात का. मोबाइलच्या स्पीकरला ६९ हर्ट्झ झेपतच नाही, त्यातून फक्त २०७ आणि त्यावरची सरसर बाहेर येते. त्यांनी ऐकलं तो खरंच नुसता पंखा होता.

ऑगस्टचं रेकॉर्डिंग आम्ही फेकलं नाही. त्यातल्या एका गाण्यातला गायकाचा आवाज डिसेंबरपेक्षा चांगला आहे, हे मान्य करायला मला महिना लागला. आता तो पुण्याला नोकरीला गेलाय. तिघं त्याच्याशिवाय वाजवतात, आणि खरं सांगायचं तर पुटपुटण्याची उणीव भासत नाही, ओरडण्याची भासते.

परत करायचं झालं तर

बँड ऐकायला गेलो त्या मेच्या संध्याकाळीच दोन माइक घेऊन जायला हवं होतं. पैसे, वेळ आणि तीन आठवड्यांचा हट्ट वाचला असता. निदान खोलीची मापं घ्यायला हवी होती आणि तार कुठे लावली आहे हे विचारायला हवं होतं. एवढा एक प्रश्न विचारला असता तर ८० ची कात्री चाललीच नसती.

क्लिकबद्दल ड्रमरने कुरकूर केली तेव्हा थांबायला हवं होतं. वादक दोनदा तेच बोलला की ती तक्रार राहत नाही, माहिती होते.

गुरुजींवर हसलो त्याबद्दल त्यांची माफी मागितली आहे. ते म्हणाले, तुमच्याकडे यंत्रं होती म्हणून तुम्हाला उशीर लागला.

चौथ्या पर्यायाऐवजी पुढच्या मेची वाट बघायला हवी होती का, यावर अजून एकमत नाही. बेसवालीच्या मते हो : उन्हाळ्यात व्हेरिअ‍ॅकची गरजच नव्हती, खोलीही सुरात होती. मला वाटतं मेपर्यंत बँडच उरला नसता. गायकाचं बघितल्यावर माझंच बरोबर ठरलं असं म्हणावंसं वाटतं, पण त्याला नोकरी मेनंतर लागली, हेही खरं.

आणि ती मोटार. या एप्रिलमध्ये पहिल्याच आठवड्यात ती जळाली. रिवाइंडिंगवाल्याने उघडून बघितली, वाइंडिंग काळं पडलेलं होतं, आणि माझ्याकडे बघून काही बोलला नाही. त्याने दुसरी मोटार बसवली, आणि जुना पंखा वाकलेला म्हणून नवीन, चार पात्यांचा. पोरांनी संध्याकाळी कूलर सुरू केला, गिटारवाल्याने खालची तार मारली, आणि वरून गॅलरीतून गुरुजींचा आवाज आला, "आता काळी तीन!"

तीनाची चार पाती. षड्जाचा बरोबर मध्यम. गिटारवाल्याने मला फोन करून विचारलं, "दादा, आता मध्यम वाजून राहिला. गाणी बदलायची, की एक पातं कापायचं?"

मी सांगितलं, कापायचं नाही, पंख्याचा तोल जाईल. गाण्यांचं काय ते मी शनिवारी ऐकायला जाणार आहे. यावेळी माइक घेऊन.